न धरलेली वर्षं

महाड, ४ डिसेंबर

आदिल,
सलाम.

बुशराचा अर्ज परत आला. इंग्लंडहून परवा मेल आला, काल तिने तो मला वाचून दाखवला आणि आज आमच्या शाळेतल्या उज्वलाबाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचला. तेव्हा बातमी पक्की आहे. कारण दोन ओळींत दिलंय. तुझ्या यॉटवरची तिची चार वर्षं आतल्या, पाहुण्यांच्या सरबराईच्या कामाची आहेत, डेकवरची नाहीत, म्हणून अधिकाऱ्याच्या परीक्षेसाठी ती धरता येत नाहीत. बाकी सगळं ठीक आहे म्हणे. सुरक्षेचं ट्रेनिंग, डॉक्टरी तपासणी, यॉटमास्टरचा दाखला, रेडिओचा दाखला, सगळ्यांसमोर बरोबरची खूण आहे. फक्त वर्षं नाहीत.

तू बोलणं टाकलंस त्याला वर्ष होत आलं. बुशरा तुझी बोट सोडून घरी आली आणि त्या दिवसापासून तू माझाही फोन उचलत नाहीस. तिला विचारलं तर म्हणते, "काही नाही अम्मी, कंटाळा आला." तुला विचारलं तर दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे काही नाही. म्हणून हे कागदावर, स्पेनमधल्या पाल्म्याच्या तुझ्या एजंटच्या पत्त्यावर. मराठीत लिहितेय, कारण तुझं उर्दू माझ्याइतकंच कच्चं आहे आणि आपण दोघांनी दासगावच्या एकाच मराठी शाळेत मार खाल्लाय.

भांडण कशावरून झालं ते मी विचारत नाही. मला एवढंच दिसतं की लिहिण्यात कुणाची तरी चूक झाली आहे. तिच्या नोकरीच्या दाखल्यावर चारही वर्षांसमोर 'स्टुअर्डेस' लिहिलंय आणि खाली तुझी सही आहे. कॅप्टनपुढे ढीगभर कागद येत असतील, एखाद्यावर न बघता सही होत असेल. मीही मुख्याध्यापक आहे, मला ते माहीत आहे. पण अब्बांच्या चाळिसाव्याला, सगळे जेवायला बसलेले असताना, तूच मोठ्याने सांगितलं होतंस, "बुशरा डेकवर आहे. आपल्या घरातली चौथी पिढी." दासगावात डेकवरच्या माणसाला लोक उठून जागा देतात आणि ट्रे धरणाऱ्याला विचारतात, कुठल्या हॉटेलात असतोस रे? हे तुला सांगायला नको. त्या दिवसानंतर कुणी मला पोरीबद्दल वाकडं विचारलं नाही.

आपल्याकडे गावचं माणूस कुणी बोटीवर नेलं की कागद कोण बघतं? बोटीच्या सारंगाने तोंडाने सांगितलं की झालं. शाळेत टाचणी लावलेला प्रत्येक कागद उलटा करून पाहणारी मी, पण बुशराचं करारपत्र मला कधी बघावंसं वाटलं नाही. मामूच्या बोटीवर आहे म्हटल्यावर काय बघायचं?

तर दुरुस्तीचं एक पत्र पाठव. 'स्टुअर्डेस'च्या जागी 'डेकहँड'. एका शब्दाचं काम आहे. मार्च संपायच्या आत मिळालं तर पुन्हा अर्ज करता येईल.

दासगावचं घर झाडून घेतलं. खाडीकडची खिडकी फुगली आहे, उघडत नाही. सुतार येतो येतो म्हणतोय.

तुझी आपा,
शगुफ्ता


पोलादपूर, १० जानेवारी

आदिल,
सलाम.

उत्तर नाही. सध्या तरी टपालखात्याला दोष देतेय.

शाळेतूनच लिहितेय. मधली सुट्टी आहे, बाहेर खिचडी वाढणं चाललंय. समोर उज्वलाबाई परवान्याच्या नियमांची प्रिंट लाल पेनाने तपासतायत. तुला त्या माहीत नाहीत. आमच्या इंग्रजीच्या शिक्षिका. महाडला बौद्धवाडीत राहतात, माझ्याबरोबरच एसटीने येतात, आणि कुठलाही नियम शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. मी त्यांना म्हटलं होतं, यातून काही वाट निघते का बघा.

त्या म्हणाल्या, "मॅडम, इथे दोन शिड्या आहेत. एक आतली. खोल्या, कपडे, जेवणाचं टेबल. ती चढत गेलं की चीफ स्टुअर्डेस, तिथे संपली. दुसरी डेकची. डेकहँड, मग बोसन, मग अधिकारी, मेट, कॅप्टन. एका शिडीच्या पायऱ्या काढून दुसरीला लावता येत नाहीत."

"पण बोट एकच ना? समुद्र तोच ना?"

"अहो, मी सहा वर्षं तासिकेवर शिकवलं. शाळा तीच, फळा तोच, पोरंही तीच. सेवाज्येष्ठतेत धरली कुणी? गेले होते मी अलिबागला जिल्हा परिषदेत विचारायला. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही शिकवलंत यात शंका नाही, पण तुम्ही शिक्षक नव्हता."

मी त्यांना सांगितलं की आमच्या बुशराचं तसं नाही. ती डेकवरच होती, लिहिणारा चुकला. उज्वलाबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि "बरं" म्हणाल्या.

बुशराचं वागणं मला कळत नाही. मामूचं दुरुस्तीपत्र येईल म्हटलं की ती उठते आणि धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेते. परवा सरळ विचारलं, "डेकवर होतीस ना गो?"

"होते की. रोज डेकवरून चालत जेवायला जायचे."

हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

म्हसळ्याहून एक स्थळ आलंय. मुलगा कतारला आहे, माणसं बरी वाटली. त्यांनी विचारलं, मुलगी आणखी किती दिवस बोटीवर? मी म्हटलं, अधिकारी होईपर्यंत. म्हणजे कधी? मी चहा पुढे केला. बुशरा आता एकोणतिशीत आहे. ती वर्षं धरली गेली तर उन्हाळ्यात परीक्षा. नाही धरली तर तिला पहिल्या पायरीवर, वीस वर्षांच्या पोरांबरोबर उभं राहावं लागेल. ती राहील की नाही, हे मला खरंच माहीत नाही. ती गेला महिनाभर पुस्तक उघडत नाही, एवढंच माहीत आहे.

तुझ्या बोटीवरचा अकिब सुट्टीवर आलाय असं कळलं. त्याला जेवायला बोलावलंय. तुझी खुशाली विचारायला, दुसरं काही नाही.

शगुफ्ता


महाड, २ फेब्रुवारी

आदिल,

अकिब जेवून गेला.

मोहल्ल्यातल्या ट्रकवाल्यांचा हा मुलगा तुझ्या हाताखाली बोसन झालाय याचं त्याच्या घरी केवढं कौतुक. आला तेव्हा दारातच म्हणाला, "खाला, बोलवलंत म्हनून आलो. पन कॅप्टनसायबांचं कायबी विचारू नका, माजी नोकरी हाय." मी म्हटलं, जेव तर आधी. बुशरा घरी नव्हती. तिला मी उज्वलाबाईंकडे पाठवली होती.

तिसऱ्यांदा मासा वाढताना मी सहज म्हटलं, "डेकवर तुम्ही दोघं एकत्रच असाल."

"कोन दोगं?"

"तू आणि बुशरा."

त्याचा घास हातातच राहिला. "बाजी डेकवर? तुमाला कोनी सांगितलं?"

मग तो बोलत गेला, मी ऐकत गेले. मध्ये दोनदा म्हणाला, "साहेबांना माजं नाव नाय ना सांगनार?" आणि मी म्हटलं, नाही सांगणार. सांगतेय, हे तू बघतोसच. त्याच्या नोकरीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.

तो म्हणाला, "बाजी आत व्हती. खोल्या, इस्त्री, टेबल. दर सीझनला साहेबांकडं डेक मागायची. साहेब म्हनायचे, पुढच्या सीझनला बघू. मग मी आलो. मला बोटीची पुढची बाजू कुटली नि मागची कुटली ते ठाव नव्हतं खाला, खरं सांगतो. नि मला पयल्या दिवसापासनं डेक."

"मग शिकवलं कुणी?"

"बाजीनंच. आपलं काम उरकून वर यायची नि वरडायची, 'अरे बैला, वारा कुठून येतोय ते बघ आधी!' बंदरात शिरताना मानूस कमी पडला की साहेब हाक मारायचे तिला, घडीभर. बोट लागली की पुन्ना आत."

"आणि तू काही बोलला नाहीस?"

"मी काय बोलनार? जागा माजी झाली व्हती."

खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं, साहेबांनी असं का केलं? त्याने पाणी प्यायलं. म्हणाला, एकदा अटलांटिक ओलांडताना साहेब पहाऱ्यावर बोलले होते: "पोरगी आत आहे म्हणजे आत आहे, हे मला झोपेतही ठाऊक असतं. बाहेर एका लाटेत माणूस जातो. मग आपाला काय तोंड दाखवू?"

आदिल, मला काय तोंड दाखवशील हे तू मला कधी विचारलंस? माझ्या नावाने चार वर्षं तू तिला दार लावून ठेवलंस आणि मला ते दारच माहीत नव्हतं. दासगावकरांच्या तोंडावर टाकायला आम्हाला डेक दिलास, आणि तिला इस्त्री दिलीस. ती गप्प राहिली, कारण खरं सांगितलं असतं तर तू माझ्यापुढे खोटा पडला असतास आणि मी गावापुढे खोटी पडले असते. मामूच्या बोटीवर असल्यामुळे तिला दुसरा कॅप्टनही बघता येईना. परक्याच्या बोटीवर असती तर पहिल्याच वर्षी भांडून निघाली असती.

तुला भीती वाटली, हे मी समजू शकते. मलाही ती रोज वाटते. पण तुझ्या भीतीची किंमत तिने का भरावी?

राग निवला की हे फाडून दुसरं लिहीन असं ठरवलं होतं. दोन दिवस झाले, निवलेला नाही, म्हणून हेच पाठवतेय. आणि मागणं तेच आहे. 'डेकहँड' लिहून दे. डिसेंबरमध्ये मागितलं तेव्हा मला ते खरं वाटत होतं. आता ते खोटं आहे हे ठाऊक असून मागतेय. ती वर्षं तिला दे. तू घेतलीस, तूच दे. कशी ते मला नको सांगूस.

शगुफ्ता


महाड, १४ मार्च

आदिल,
सलाम. रमजान मुबारक.

तुझा लिफाफा कुरिअरने शाळेत आला. आत एकच कागद. तुझ्या बोटीचं नाव छापलेला, शिक्का मारलेला. बुशराने चारही वर्षं डेकहँड म्हणून पूर्ण काम केलं, नांगर, दोर, पहारा, छोटी बोट चालवणं, सगळं समाधानकारक. खाली सही. सोबत मला म्हणून एक ओळही नाही.

मी खोटं नाही बोलणार, मला आनंद झाला. एसटीत पर्स छातीशी धरून बसले. उज्वलाबाईंनी कागद मागितला, वाचला, घडी करून परत दिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. इंग्रजी चांगलं आहे."

"बाई, बोला हो."

"पहिलीच्या वर्गात पट भरायचा म्हणून गेल्या वर्षी एका गृहस्थांनी नसलेल्या पोरांची नावं आणून दिली होती. तुम्ही त्यांना खुर्चीवर बसूही दिलं नव्हतं. मी तेव्हापासून तुमच्या शाळेत खुशीने येते, एवढंच."

खिडकीतून बाहेर बघत बसल्या त्या महाड येईपर्यंत. मी त्यांच्यावर चिडले. लोकांच्या पोरींबद्दल तत्त्व सांगणं सोपं असतं, असंही मनात आलं.

रोजा सोडल्यावर मी कागद बुशरापुढे ठेवला. तिने खजूर तोंडात होता तसाच ठेवून वाचला. मला वाटलं रडेल, गळ्यात पडेल. तिने कागद उलटा ठेवला.

"तू मागितलंस?"

"हो."

"अम्मी, त्या परीक्षेत कागद तपासत नाहीत नुसते. समोर एक जुना कॅप्टन बसतो आणि तोंडी विचारतो. चार वर्षांत नांगर किती वेळा टाकलास? कुठल्या तळावर? घसरला तेव्हा काय केलंस? मी काय सांगू त्याला? चादरी किती घातल्या ते?"

"अभ्यास केलायस ना तू. सांगशील."

"सांगेन. पास पण होईन कदाचित. मग रात्री पहाऱ्यावर मी एकटी, खाली वीस माणसं झोपलेली. त्यांना वाटणार, हिला येतं." तिने पाणी घेतलं. "आणि हे पकडलं गेलं तर मामूचा परवाना जाईल. डेकवर पोछा मारण्यापासून तो वर आलाय, अम्मी. तुला माहीत आहे त्याने काय काय केलंय."

"तुला त्याची काळजी? त्याने तुझ्याशी..."

"जागा होती तेव्हा त्याने दिली नाही. आता नसलेली जागा कागदावर देतोय. मी हा घेतला तर त्याला वाटेल फिटलं. मला नाही फेडून घ्यायचं असं."

हे सगळं ती आवाज न चढवता बोलली. तुला तिचा आवाज चढलेला माहीत असेल, मला तो ऐकू आला नाही याचंच जास्त लागलं.

तरीही तो कागद मी पाच-सहा दिवस कपाटात ठेवला. वाटलं, ईदपर्यंत मन बदलेल. तिने एकदाही विचारलं नाही. मग एका दुपारी मी घरी आले तर तिचं पुस्तक उघडं होतं, जे डिसेंबरपासून मिटलेलं होतं. मी कागद काढून या पत्रात घातला. परत पाठवतेय. तू मला रागावू नकोस आणि मी तुझ्यावर उपकार करतेय असंही समजू नकोस.

तिला दुसरा कागद हवाय. तिने सांगितलं तसंच लिहिते, शब्दात फरक न करता: "मामूला म्हणावं, खरं लिहून दे. चार वर्षं स्टुअर्डेस. बंदरात येता-जाता लागेल तेव्हा डेकवर मदत केली. दर सीझनला तिने डेकची जागा मागितली, मी दिली नाही. खाली सही."

मी म्हटलं, याचा उपयोग काय? कोण धरणार हे? म्हणाली, "कुणी नाही धरणार. मला पाहिजे."

लवकर लिही.

तुझी आपा


महाड, ६ मे

आदिल,
सलाम.

बुशरा काल गेली. इटलीत नेपल्सला एक बोट आहे, तुझ्यापेक्षा थोडी लहान. सर्वांत खालची डेकहँड म्हणून तिला घेतलंय. तिथल्या कॅप्टनबाईंनी, हो, बाई आहेत, व्हिडिओवर मुलाखत घेतली. त्यांनी विचारलं, चार वर्षं आत होतीस, आता एकदम खाली का येतेस? बुशरा म्हणाली, "खाली नाही येत, बाहेर येते." बाईंनी लगेच हो म्हटलं. मी दाराआड उभी होते, उज्वलाबाई माझ्या मागे. त्यांनी माझ्या दंडाला एवढ्या जोरात चिमटा काढला की निळं झालंय.

म्हसळ्याच्या लोकांना मी कळवलं की परीक्षेलाच बसायला आणखी तीन वर्षं तरी लागतील. "बघतो" म्हणाले. बघू देत.

हायवेवर मुंबईच्या गाडीची वाट बघत उभे होतो. उज्वलाबाई तिला म्हणाल्या, "कॅप्टन झालीस की आमच्या शाळेची सहल ने बोटीवर."

"नको बाई. तुमची पोरं आंबेनळी घाटाच्या पहिल्या वळणावर ओकतात. बोटीवर कोण पुसणार?"

"तू आहेस की. चार वर्षांचा अनुभव आहे तुला."

मला वाटलं, आता हिला लागणार. पण बुशरा एवढी हसली की बॅगेवर बसली. वर्षभरात पहिल्यांदा ती त्या चार वर्षांवर मनापासून हसली. तेवढ्यात गाडी आली. मिठी मारायला धड वेळ मिळाला नाही. खिडकीतून ओरडली, "दासगावात विचारलं तर सांग गो अम्मी, डेकवर आहे!" आजूबाजूचे रिक्षावाले बघायला लागले.

आता मला खरं सांगता येईल. गेल्या आठवड्यात दासगावला गेले होते तेव्हा फूफीने विचारलंच, "पोरगी अजून डेकवरच ना?" मी म्हटलं, "नाही फूफी. आत्तापर्यंत आत होती, टेबल लावायची, इस्त्री करायची. आता डेकवर चाललीय." फूफी म्हणाली, "मग आदिल काय म्हनत व्हता?" मी म्हटलं, त्यालाच विचारा. तेव्हा तिचा फोन येईल, तयारी ठेव. मी तुला झाकून घेतलं नाही. जास्त सांगितलंही नाही.

तिने मागितलेला कागद अजून आलेला नाही. परत बोटीवर गेलेल्या अकिबने फोनवर सांगितलं, तू लिहायला बसतोस आणि उठतोस. त्याच्यापुढेच दोनदा झालं म्हणे. आदिल, त्यात अवघड एकच वाक्य आहे, आणि ते तुझ्या नि तिच्यामधलं आहे. मी आता ते मागणार नाही.

रात्री झोप लागत नाही, हे तुला सांगितलं तर चालेल. बाहेर एका लाटेत माणूस जातो, हे तुझं वाक्य मी अकिबकडून ऐकलं तेव्हा चिडले होते. आता तेच माझ्याही डोक्यात फिरतं. फरक एवढाच, की मी ते तिला सांगितलं आणि तिने सांगितलं की पट्टा कुठे अडकवतात, वादळात डेकवर एकट्याने का जायचं नाही, आणि कोण कुणावर नजर ठेवतं. पुरती भीती गेली नाही. पण आता ती आम्हा दोघींची आहे.

तुझी आपा


महाड, ११ जून

आदिल,
सलाम.

हे पत्र टपालाने पोचणार नाही, म्हणून फोटो काढून अकिबला पाठवतेय. तो छापून तुझ्या हातात देईल.

बुशराची बोट गुरुवारी पाल्म्याला येतेय. हे तिने मला सांगितलं, आणि अकिबने बंदराच्या ऑफिसात विचारून पक्कं केलं. तुमच्याच धक्क्यावर जागा मिळाली आहे, तुझ्या बोटीला लागून, उजव्या हाताची. मुद्दाम कुणी केलेलं नाही. अकिब शपथेवर सांगतो आणि या एका बाबतीत माझा त्याच्यावर विश्वास आहे.

तिला तू तिथे आहेस हे माहीत आहे. तुला कळवू का विचारलं तर म्हणाली, "तुझी मर्जी." नको म्हणाली नाही, हे तू लक्षात घे. मी मर्जीने कळवतेय.

तिची खबर थोडक्यात देते. दोन्ही तळहात फाटले होते, आता घट्ट झालेत. बोसन बावीस वर्षांचा आहे, न्यूझीलंडचा. पहिल्या आठवड्यात त्याने तिला पितळ घासायला लावलं आणि ती आठवडाभर घासत बसली. म्हणाली, "अम्मी, मला येत होतं त्यातलं काहीच मी बोलले नाही. बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावतात ते फेंडर त्याने एकदा चुकीच्या बाजूला लावायला सांगितले तेव्हा फक्त विचारलं, वारा बदललाय का? तेव्हापासून तो मला मागच्या टोकाला उभी करतो." पहाराही देतात तिला. पहिल्या रात्री एवढी घाबरली होती म्हणे की दूरच्या मासेमारीच्या होडीच्या दिव्याला तिने जहाज समजून कॅप्टनबाईंना उठवलं. बाई वर आल्या, बघितलं, म्हणाल्या, पुढच्या वेळीही उठव. आणि झोपायला गेल्या.

तिच्या नावावर आता डेकची वर्षं नाहीत. काही आठवडे आहेत. पण ते धरले जातील.

तुला काय वाटतं, ते तू गेल्या दीड वर्षात सांगितलं नाहीस. मीही आता विचारून थकले. एक गोष्ट मात्र मला परवा सुचली, ती लिहून संपवते. तू तिला आत ठेवलंस आणि मग तिच्याशी, माझ्याशी, सगळ्यांशी बोलणं बंद केलंस. म्हणजे तूही आतच बसलास. आपण एवढी माणसं असून तुला बाहेर बोलावणारं कुणी नव्हतं. निदान मी तरी नव्हते, मी कागद मागत होते.

तेव्हा ऐक. बोट धक्क्याला मागून लागते, हे मला आता कळतं. त्या वेळी ती मागच्या टोकाला, डावीकडे असेल. निळा टी-शर्ट, टोपी, केस बांधलेले. अकिब म्हणाला, सकाळी नऊच्या सुमारास, वारा फार नसला तर. बोट जवळ आली की ती दोर फेकेल. धक्क्यावर तो घेऊन खुंट्याला टाकायला कुणीतरी लागतं. बंदराचा माणूस असतो, तो घेतोच. अकिबला मी विचारलं, तोच घेतो का नेहमी? म्हणाला, "नेमीच असं नाय खाला. कदी कदी बाजूच्या बोटीवरचं कोनी उतरून घेतं."

"कॅप्टनसुद्धा?"

तो म्हणाला, "उतरला तर त्याला नाय कोन म्हननार?"

तुझी आपा,
शगुफ्ता